निर्मलाताईंसाठी माइक निवडताना

एका चांगल्या गाणाऱ्या बाईचं गाणं मी बंद पाडलं, आणि तेही माझ्याकडच्या सगळ्यात महाग माइकने.

हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी माझ्या कामाबद्दल शहाणपणाच्या चार गोष्टी सांगायला लागलो, की त्या कितपत मनावर घ्यायच्या ते वाचणाऱ्याला ठरवता येईल. तीसेक वर्षं मी लोकांचे आवाज रेकॉर्ड केले. आधी ठाण्यात दुसऱ्याच्या स्टुडिओत, मग डोंबिवली पूर्वेला मानपाड्याच्या बाजूला, कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका गाळ्यात, स्वतःच्या स्टुडिओत. गाळा घेताना मी भिंती ठोकून पाहिल्या, छप्पर पाहिलं, पाण्याची सोय पाहिली. दोनदा गेलो, दोन्ही वेळा काय ती शांतता. मालकाला म्हटलंही, "असा शांत गाळा मिळायला नशीब लागतं." तो नुसता हसला. दोन्ही वेळा मी शुक्रवारी गेलेलो, आणि आमच्या वसाहतीची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते. शनिवारी सामान घेऊन पोचलो तर शेजारच्या गाळ्यात पत्र्याचे वायसर कापणारी मशीन. ठाप्, ठाप्, ठाप्. भिंतींना कापूस, फोम, गाद्या, काय वाटेल ते लावलं. आवाज जमिनीतून वर यायचा. शेवटी मी तह केला. गळ्याचं रेकॉर्डिंग फक्त शुक्रवारी, बाकीचे दिवस जोडकाम आणि पश्चात्ताप.

मशीनचा एवढा त्रास का, तर माइकमुळे. कार्यक्रमात निवेदकाच्या हातात असतो तो माइक वेगळा. तो दणकट गडी. तोंडाशी धराल तर ऐकेल, बाकी जगाशी त्याला देणंघेणं नाही. खाली पडला तर उचलून पुन्हा बोलायला लागा. स्टुडिओत गाण्यासाठी उभा करतात तो कंडेन्सर. त्याच्या पोटात केसाहून पातळ पापुद्रा असतो, त्याला सोन्याचा मुलामा, आणि तो जागा राहावा म्हणून वायरमधूनच त्याला वीज पुरवावी लागते. आवाजाची झुळूक आली तरी तो हलतो. म्हणून गाण्याचे बारकावे त्याच्याइतके कोणाला ऐकू येत नाहीत, आणि म्हणूनच बांगडी, कुडत्याची सळसळ, शेजारचा वायसर हेही त्याच्याइतकं कोणाला ऐकू येत नाही. कल्याणचे एक गृहस्थ संकष्टीचा कडक उपास करून गणपतीची आरती गायला आले होते. दुसऱ्या कडव्यापासून त्यांच्या पोटाने साथ धरली. कंडेन्सरने ती तबल्याच्या वर उचलली. तीन वेळा घेतलं, तीनही वेळा तेच. शेवटी माझ्या बायकोने, सुलभाने, साबुदाण्याची खिचडी करून पाठवली तेव्हा आरती पूर्ण झाली.

गिऱ्हाइकांचंही ऐकण्यासारखं असायचं. वर्तकनगरचे एक निवृत्त अधिकारी सगळे माइक हातात घेऊन, वजन करून पाहून म्हणाले, "यातला सूर देणारा कुठला?"

म्हटलं, "तो दुरुस्तीला गेलाय."

"केव्हा येईल?"

"काही सांगता येत नाही."

ते पुढचे सहा महिने दर पंधरा दिवसांनी फोन करून चौकशी करत होते. मी त्यांना हसलो खरा, पण हसायचा अधिकार मला नव्हता. मी स्वतः जन्मातला सर्वांत महाग माइक घेतला तो सव्वादोन महिने उलटा लावला होता. कंडेन्सरच्या शेंड्यावर गात नाहीत, पोटावर गातात, आणि पोटाच्या दोन बाजूंपैकी एकच ऐकणारी. ओळखायची खूण सोपी. कंपनीचं नाव ज्या बाजूला कोरलेलं, ती गाणाऱ्याकडे करायची. मी ते नाव माझ्याकडे केलं होतं. काचेपलीकडून दिसलं की बरं वाटायचं. लोक येऊन त्याच्या पाठीवर गात होते, आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा आणि मी म्हणायचो, "याला डेप्थ म्हणतात." एक गझल गाणारे त्या डेप्थवर इतके खूश झाले की पुढच्या खेपेला मित्राला घेऊन आले. एसी साफ करायला आलेल्या माणसाने स्टुलावर उभं राहून विचारलं, "साहेब, याचं नाव काचेकडं पायजे की माणसाकडं?" तेव्हा उलगडा झाला.

तर माइक कसा निवडायचा, असं विचारणारे फोन मला अजून येतात. पोरं इंटरनेटवर सगळं वाचून आलेली असतात, आकडे तोंडपाठ. मी एवढंच सांगतो की माइक हा आवाजावर चढवायचा दागिना नाही. प्रत्येक माइकला एक खोड असते. कोणी आवाजाची वरची धार उजळ करतो, कोणी खालची बाजू भरतो. घोगऱ्या, दबलेल्या गळ्याला उजळ माइक द्या, तो बाहेर येतो. पण मुळातच धारदार गळ्याला तोच दिला, तर तर्रीवर वरून लाल तिखट घातल्यासारखं होतं. प्रत्येक स आणि श शिट्टी मारत येतो. किंमत कितीही असो. म्हणून मी कोणालाही आधी नुसतं गायला लावायचो, मग तीन माइक ओळीने उभे करून तीच ओळ तीनदा घ्यायचो आणि कुठला कुठला हे न बघता डोळे मिटून ऐकायचो. अर्धा तास जातो, पण चूक होत नाही. हे मी सगळ्यांच्या बाबतीत केलं.

निर्मलाताईंच्या बाबतीत नाही केलं.

निर्मलाताई टिटवाळ्याच्या. शाळेच्या बसवर मावशी होत्या. सकाळी पोरं चढवायची, दुपारी उतरवायची. इंजिनाच्या आवाजावर नावं पुकारून पुकारून गळा असा झालेला, की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला सहज पोचावा. त्यांचे थोरले भाऊ अण्णा ढोलकी वाजवायचे आणि त्यांची स्वतःची गायन पार्टी होती, जयंतीच्या दिवसांत वस्त्यावस्त्यांतून भीमगीतांचे कार्यक्रम करणारी. पार्टीत मुख्य गायक पुढे बसतो, कोरस मागे. निर्मलाताई बावीस वर्षं कोरसमध्ये होत्या. गायकाचा श्वास संपला की ओळ उचलायची, त्याचा सूर उतरला तर त्याला कळू न देता वर न्यायचा, टाळ्या त्याला. त्या वर्षी मुख्य गायक दुसऱ्या पार्टीत गेला आणि अण्णांनी ठरवलं, या जयंतीला निर्मला पुढे बसेल. त्याआधी तिचं एक गाणं रेकॉर्ड करून मंडळांना फोनवर पाठवायचं. ताई आधी तयार नव्हत्या. पंधरा दिवस समजूत घातल्यावर हो म्हणाल्या होत्या, हे मला मागाहून कळलं. तेव्हा कळलं असतं तर काही वेगळं केलं असतं का, देव जाणे.

फेब्रुवारीतला शुक्रवार होता. अण्णा "जय भीम साहेब" म्हणत आले. मागून ताई. कार्यक्रमाला नेसतात ती पांढरीशुभ्र, निळ्या काठाची साडी नेसून आलेल्या. रेकॉर्डिंगमध्ये साडी दिसत नाही हे माहीत असूनही.

अण्णांनी पहिलाच प्रश्न केला, "मोठमोठे गायक गातात तो माइक आहे ना तुमच्याकडं?"

"आहे."

"मग तोच लावा हिला."

तोच लावला. ना आधी गायला लावलं, ना तीन माइक मांडले. आता विचार केला की वाटतं, त्यात थोडी उदारपणाची ऐट होती. बसवरची बाई आहे, आयुष्यात पहिल्यांदा एकटी गातेय, तिला आपल्याकडचं सगळ्यात भारी देऊ. देणाऱ्याला एवढं बरं वाटत असलं की घेणाऱ्याकडे बघायचं राहून जातं. आणि तो माइक म्हणजे उजळातला उजळ.

ताई आत गेल्या आणि सवयीने माइक धरायला हात पुढे केला. मी काचेपलीकडून म्हणालो, "ताई, हात नका लावू. नाजूक असतो." त्यांनी हात मागे घेतला. पुढे सरकल्या. "ताई, त्या फुलीवर उभ्या राहा. हलू नका." जमिनीवर मी चिकटपट्टीची फुली केलेली होती.

"मग हात कुठं ठेवू?" त्यांनी विचारलं.

"मागे घ्या."

शाळेत वर्गाबाहेर उभी केलेली मुलगी उभी राहावी, तशी ती बाई हात पाठीमागे बांधून गायली. सूर कुठे ढळला नाही. पण आवाज आला तो चिरका, पत्र्यावर खिळा ओढावा तसा, आणि स-श तर कुकरच्या शिट्ट्या. मी मनात म्हटलं, नंतर कापून-घासून नीट करू. आणि त्यांना बाहेर बोलावून जसंच्या तसं ऐकवलं.

ताई खुर्चीच्या कडेला बसून ऐकत होत्या. बावीस वर्षांत त्यांनी आपला एकटीचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "हा माझा आवाज आहे?"

"हो, तुमचाच."

"असाच येतो?"

इथे मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मला त्या माइकचं कौतुक. म्हणालो, "ताई, हा माइक खोटं बोलत नाही."

त्यांनी मान हलवली, पाणी प्यायल्या, "थँक्यू काका" म्हणाल्या आणि गेल्या. आठ दिवसांनी अण्णांचा फोन. "साहेब, ते गाणं राहू द्या. निर्मला नाय बोलते. पुढं बसणार नाय, कोरसलाच बसते बोलते. कोरसला पण बसंल असं मला वाटत नाय. घरात गुणगुणायची, ते पण बंद झालंय."

मी सुलभाला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, विचारलं, "तुम्ही काय म्हणालात तिला?" मी सांगितलं. ती म्हणाली, "शाबास," आणि भाजी निवडायला लागली.

दोन दिवसांनी अण्णा स्वतः आले. बसले नाहीत. खिशातून काच तडकलेला फोन काढून समोर धरला. "हे ऐका. मागच्या जयंतीचं. हिची दोन कडवी आलीत मध्ये, गायकाला खोकला लागलेला तेव्हाची." ऐकलं. कलकलाट, ढोलकी, मागे कुणाचं पोर रडतंय, आणि त्या सगळ्यातून एक भरदार, उबदार आवाज सरळ वर निघालेला. अण्णा म्हणाले, "माझ्या फुटक्या फोनात ती गाते. तुमच्या त्या सोन्याच्या मुसळात नुसत्या शिट्ट्या मारते. आता सांगा, कुणात बिघाड आहे?"

मी तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग आवाज बंद करून नुसता पाहिला. ताईंच्या हातात माइक होता. खालच्या सुरांना ओठाला टेकलेला. वर जाताना हात आपोआप लांब होत होता, मान किंचित वळत होती, सूर लावून झाला की हात परत जवळ. आमच्याकडे आवाजाची पातळी कमीजास्त करायला खटके-दांड्या असतात. या बाईची दांडी तिच्या मनगटात होती. बावीस वर्षं घासून बसवलेली. मी तिला म्हणालो होतो, हात मागे घ्या.

रविवारी मी टिटवाळ्याला गेलो. नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर. ताईंनीच दार उघडलं. "या काका. चहा घ्या. पण गाण्याचं नका बोलू."

चहा झाला. मी गाण्याचंच बोललो. उजळ माइक, धारदार गळा, चूक माझी, सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. "तुम्ही चांगले आहात म्हणून असं बोलता," त्या म्हणाल्या. "बसमध्ये मी हाक मारली की पोरं कानावर हात ठेवतात. मला वाटायचं मस्करी करतात. तुमच्याकडं ऐकलं तेव्हा कळलं, पोरं खरं करत होती. आणि तुम्हीच बोललात ना, माइक खोटं बोलत नाय?"

मी जे बोलतो ते किती खरं धरायचं, हे सांगायला मग मी त्यांना उलट्या माइकची गोष्ट सांगितली. सव्वादोन महिने, डेप्थ, गझलवाले, त्यांचा मित्र, सगळं.

"सव्वादोन महिने?" ताईंनी विचारलं.

"हो."

"आणि तुम्हाला ऐकून नाय कळलं?"

"नाही."

"कुणाला कळलं मग?"

"एसीवाल्याला."

त्यांनी पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. बराच वेळ हसत होत्या. थांबल्या, माझ्याकडे बघितलं, पुन्हा हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "शुक्रवारी येते. अण्णाला आत माझ्यासमोर बसवा. आणि एकदाच गाणार. नाय जमलं तर तुम्ही परत बोलवायचं नाय, अण्णानी पण नाय."

म्हणजे एकच संधी. मी गुरुवारी रात्रीच्या जेवणाआधीच सगळी तयारी करून ठेवली. भारी माइक डब्यात घातला. कपाटाच्या तळाशी एक जुना कंडेन्सर पडून होता. ठाण्यातला एक स्टुडिओ बंद झाला तेव्हा आणलेला, जाळीला पोचा आलेला, मंद, मऊ, कोणाला न आवडणारा. मी अण्णांच्या फोनमधला आवाज डोक्यात ठेवून त्याच्यासमोर स्वतः ओरडून पाहिलं. वरची धार तो गुमान पोटात घालत होता. तो उभा केला ताईंच्या कपाळाच्या उंचीवर, तोंडापासून हातभर लांब, जरा बाजूला, म्हणजे स-शची हवा त्याच्या खालून निघून जाईल. फुली खरवडून काढली.

आणि मग हात. हातात काही दिल्याशिवाय त्या गाणार नव्हत्या, आणि हातातला कार्यक्रमाचा माइक मला रेकॉर्डिंगला नको होता. म्हणून एक जुना हातातला माइक घेतला, त्याला लांब वायर लावली आणि वायरचं दुसरं टोक सतरंजीखाली सरकवलं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. सकाळी त्या यायच्या आधी मी सतरंजी तीनदा सारखी केली. त्या आल्यावर, त्यांची नजर नाही बघून, आणखी दोन-तीनदा.

"हा तुमचा माइक," म्हणून मी तो त्यांच्या हातात दिला. "वरचा तो उगीच आहे, खोलीचा आवाज घ्यायला." खोटं बोलताना माझा आवाज बारीक होतो असं सुलभा म्हणते.

ताईंनी माइक हातात घेतला, फिरवून पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या.

अण्णा समोर स्टुलावर. ढोलकी आत नेली तर ती ताईंच्या आवाजात मिसळली असती, म्हणून त्यांना मांडीवर उशी दिली. उशीवर ठेका धरायची पाळी आयुष्यात पहिल्यांदा आली म्हणून ते आधी कुरकुरले, मग डोळे मिटून वाजवायला लागले. ताई सुरू झाल्या. पहिल्या ओळीला थोड्या चाचपडल्या. दुसऱ्या ओळीला खांदा सैल झाला, पाय हलला, अंतऱ्यावर हात लांब गेला आणि मान वळली. तो हातातला माइक काही ऐकत नव्हता, पण गळ्याला त्याचं काय. गळा हाताच्या मागे गेला. वरचा सूर आला तो गोल, भरलेला, आणि जुन्या कंडेन्सरने तो तसाच्या तसा माझ्या कानात आणून ठेवला. शेवटच्या ओळीला अण्णांचा हात उशीवर थांबला, ताई मात्र थांबल्या नाहीत. पूर्ण केलं.

बाहेर आल्या. मी काही बोललो नाही, शिकलो होतो. ऐकवलं. ताई आधी खुर्चीच्या कडेला बसलेल्या, मग हळूहळू मागे टेकल्या. संपल्यावर म्हणाल्या, "परत लावा." परत लावलं. मग अण्णांकडे न बघताच म्हणाल्या, "अण्णा, जयंतीला बसते मी पुढं. पण मागं कोरसला दमाच्या बायका घे. त्या शेजारच्या दोघी नकोत, तोंडं नुसती हलवतात."

अण्णा नाक शिंकरायला बाहेर गेले.

मी तेवढ्यात खूश होऊन गाण्याची फाइल जपून ठेवत होतो. वर बघतो तर ताई पुन्हा आत गेलेल्या, आणि वायर गुंडाळताहेत. कार्यक्रम संपला की वायरी गुंडाळायचं काम पार्टीत कोरसचं असतं, हे मला तेव्हा समजलं. अंगठा ते कोपर, अंगठा ते कोपर, सराईत हात. मी धावलो. "राहू दे ताई, मी करतो." पण वायर संपत आली होती. सतरंजीचा कोपरा उचलला गेला आणि खालून ते मोकळं टोक खुळखुळत बाहेर आलं. आता ही म्हणणार, मला फसवलं. आवाज माझा नाहीच, यांचीच काहीतरी करामत. गेलं सगळं.

"ताई, त्याचं काय आहे," मी सुरुवात केली.

ताईंनी गुंडाळी पूर्ण केली, टोक नीट आत खोचलं आणि माझ्या हातात दिली.

"पहिल्या ओळीलाच कळलेलं, काका. कोरसचे निम्मे माइक बंदच असतात, ते काय मला नवीन आहे? पण मी आल्यापासून तुम्ही ती सतरंजी एवढी सारखी करत होतात, म्हटलं जाऊ दे, म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा."